आबांच्या पंचाहत्तरीचं गवत

प्रवीणला या गवतातून काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, पुढं धांदलीत राहून जाईल.

पहिली म्हणजे जागा. घरासमोरची, तीस बाय चाळीस फूट. आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, सर्जेरावांनी, परळीच्या थर्मल वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर प्लॉट घेतला, मागच्या अंगाला घर बांधलं आणि पुढचा तुकडा मोकळा सोडला. आठ वर्षांपूर्वी थोरल्या लेकीचा, पंचशीलाचा, नवरा वारला आणि ती माहेरी आली, तेव्हा आबा चार नातेवाइकांसमोर तिला म्हणाले होते, "पुढं दोन खोल्या बांध. तुझं दार तुला." तेव्हापासून ती माडीवरच्या एका खोलीत राहत होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती आणि दोन खोल्यांचा नकाशा कपाटात जपत होती. कागदोपत्री काहीच झालेलं नव्हतं. आता रविवारी, पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात, ती जागा कुणाच्या नावावर करायची हे आबा सगळ्यांदेखत सांगणार होते.

दुसरं म्हणजे हिरवळ. मोकळ्या जागेत पाया खोदताना कुणी अडखळत नाही. पण दोन महिने पाणी पाजलेली, पाहुण्यांनी वाखाणलेली, फोटोत आलेली हिरवळ खोदा असं म्हणणाऱ्याच्या पदरी वाईटपणा येतो. प्रवीण हे कुणाशी बोलला नव्हता. बायकोशीही नाही. बबिताला ते न बोलता कळलं होतं, ही वेगळी गोष्ट.

तिसरं काय ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. सतरा वर्षं स्कॉटलंडातून दर रविवारच्या फोनला तो आईला एक वाक्य म्हणत आला होता, "माय, मी परत येणार आहे." तिकडं नोकरी पक्की झाली, घर झालं, घरामागं गुडघाभर कुंपणाआड हिरवळ झाली, तरी वाक्य तेच. दारात गवत उगवलं असतं तर ते वाक्य खरं वाटायला लागलं असतं, निदान त्याला.

नोव्हेंबरात घरून काम करायची परवानगी काढून तो बबिताला घेऊन दोन महिन्यांसाठी आला आणि दुसऱ्याच दिवशी मोंढ्यातल्या सोमेश्वरच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"गवताचं बी?" सोमेश्वरनं चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, मी गवत मारायचं औषध विकतो. बी कुणी मागितलं न्हाई आजवर."

प्रवीणनं फोनवरची यादी दाखवली. राय आणि फेस्क्यू, दोन्हीचं मिश्रण. राय लवकर उगवतं, फेस्क्यू बारीक पानाचं, पायाखाली मऊ. सोमेश्वरनं पुण्याला फोन लावला, दर विचारला, आणि फोन ठेवून म्हणाला, "यील चार दिवसात. पण हे थंड मुलखाचं हाय. इथं मार्च लागला की जागच्या जागी बसतंय. त्याच्यापेक्षा हराळी लावा. जाळली तरी फुटती."

"हराळी नको. माझ्या मायनं लोकांच्या रानातली हराळी खांदून आम्हाला वाढवलंय. तिच्याच दारात लावू का?"

खरंच होतं ते. सोमेश्वरनं यादी वहीत उतरवून घेतली.

"मार्चपर्यंत टिकेल ना?"

"टिकंल की."

"बास झालं मग."

त्या 'बास झालं'वर सोमेश्वरनं एकदा मान वर केली. गिऱ्हाईक किती दिवसांचा माल मागतंय यावरून दुकानदाराला बरंच काही समजतं.

जमीन भुसभुशीत केली, ढेकळं फोडली, बी वाळूत मिसळून आधी उभं मग आडवं पेरलं, वरून पाण्यानं भरलेलं पिंप लोळवून दाबलं. आठव्या दिवशी जमिनीवर हिरवी लव आली. प्रवीणची माय, केशरबाई, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग खुरपं घेऊन आली आणि नव्या गवतातून मधूनच डोकावणारी हराळी उपटायला बसली. रोज सकाळी तासभर, दोन महिने.

"गवतात बसून गवत खुरपायची ही पहिलीच बारी," ती म्हणायची. पण बसायची.

पाणी घालायचं काम पंचशीलाकडं आलं. "ताई, तूच कर ना. नळाचं वेळापत्रक तुलाच पाठ आहे." नळ पाचव्या दिवशी यायचा आणि हौदाची राखण तीच करायची, हेही खरंच होतं. प्रवीणच्या बोलण्यात खरं नेहमी भरपूर असायचं. पंचशीला शाळेतून आली की पाइप धरून उभी राहायची, आणि आपल्या दोन खोल्यांच्या जागेवर उगवलेलं गवत भिजवायची. स्वयंपाकघर इथं, खिडकी इथं. पाणी मात्र तिनं कुठंच कमी घातलं नाही.

जानेवारीत गवत असं आलं, की थर्मलची राख पानावर बसली तरी खालून हिरवं फुटून दिसावं.

कार्यक्रमाच्या आधीच्या गुरुवारी प्रवीणनं शेवटचं खत द्यायचं ठरवलं. चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया, हिशोबानं सगळ्याला मिळून अकराशे ग्रॅम. बबिता केकचं पीठ मोजायची त्या काट्यावर त्यानं तो मोजला. बबितानं काटा परत मागितला नाही. निम्मा त्यानं उभा फेकला, निम्मा आडवा, आणि पंचशीलाला म्हणाला, "आज भरपूर भिजव. उद्या आणि परवाही. युरियाला पाणी चुकलं की पान जळतं."

"बरं," ती म्हणाली, आणि गुरुवारी तिनं भरपूर भिजवलं.

आबा हे खिडकीतून बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी कोळशाच्या वाघिणी रिकाम्या केल्या होत्या. टनाखाली कशाला मोजायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. किलोभर खतानं एवढी जागा हिरवी होते यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यात त्यांची एक खासगी आशा होती. पोरीला दिलेला शब्द त्यांना आठवत होता, पोराचा चेहराही दिसत होता. गवत इतकं देखणं व्हावं, की पंचशीलानंच म्हणावं, राहू द्या आबा, कशाला खोदायचं. म्हणजे आपल्याला निवडायचं काम उरणार नाही. शुक्रवारी पहाटे, पानांवर दव असताना, त्यांनी पिशवीत उरलेला युरिया डालड्याच्या जुन्या डब्यानं दोन डबे उधळला आणि हात धुवून चहाला बसले.

शुक्रवारी संध्याकाळी धर्मापुरीहून त्यांचा धाकटा भाऊ धुळाजी आला, मोटारसायकलवर पुढं अर्धं पोतं युरिया आडवं टाकून. धुळाजीचा दीड एकर ऊस. पुतण्यानं मागं केव्हातरी, "नाना, तुमच्या उसाला ठिबक बसवून देतो," असं म्हटलेलं त्याच्या पक्कं ध्यानात होतं, पुतण्याच्या नव्हतं. त्याची आठवण करून द्यायला काहीतरी हातात पाहिजे. घरात सगळे भांडी काढण्यात गुंतले तेव्हा त्यानं धोतराचा सोगा खोचला आणि उसाला टाकतात तसा, चालत चालत, दर दोन पावलाला एक मूठ, सगळीकडं युरिया फेकला. त्याची मूठ मोठी. कुणाला विचारलं नाही. घरच्या रानात खत टाकायला कोण कुणाला विचारतं.

माडीच्या गॅलरीतून पंचशीलानं पहाटे बापाला पाहिलं होतं. आता चुलत्यालाही पाहिलं.

ती खाली आली. पाइप हातात घेतला. हौदात दीड हजार लिटर पाणी होतं, रविवारच्या पाहुण्यांसाठी राखलेलं. निम्मं ओतलं तर गवत वाचलं असतं, हे तिला माहीत होतं. शेतकऱ्याच्या घरातली नसली तरी ती पाचवीला विज्ञान शिकवत होती. पाण्याचं काय, एक टँकर सांगितला असता. धुळाजी हात झटकत जवळ आला.

"कसं, माय? रविवारपातूर काळंभोर हुतंय बघ."

"आबांनी पण टाकलाय सकाळी, नाना."

"टाकू दे की. पोटाला ज्यादा झालं म्हणून कुणी मेलंय का?"

तो आत गेला. पंचशीला नळाशी उभी राहिली. तिनं गवताकडं पाहिलं, मग पाइप गुंडाळला, शाळेत भिंतीवरचा नकाशा उतरवून गुंडाळावा तसा, कडा जुळवून. शनिवारी प्रवीण आणि बबिता केक आणि फोटोग्राफर ठरवायला लातूरला गेले ते अंधार पडल्यावर आले. केशरबाई दिवसभर चुलीपुढून हलली नाही. शनिवारीही पंचशीलानं पाइप उलगडला नाही.

रविवारी सकाळी खुरपं घेऊन बाहेर आली ती केशरबाई. ती दारातच थांबली.

"आवो," तिनं आत हाक दिली, "जरा हिकडं या. गवताला काय झालं बघा."

गवत पिवळं पडलं होतं, आणि सगळीकडं सारखं पडलं असतं तरी बरं. धुळाजीच्या हाताचा फेर जसाच्या तसा जमिनीवर उमटला होता: अर्धगोल, त्याच्यापुढं अर्धगोल, ओळीनं. मधल्या पट्ट्यात आबांचे दोन डबे. कडेला थोडी हिरवी पट्टी, तेवढी प्रवीणच्या काट्याची. खत टाकलेल्या प्रत्येकानं जणू सही करून ठेवली होती.

प्रवीण उघड्या पायांनी मध्यभागी जाऊन बसला आणि मूठभर गवत उपटलं. ते सहज आलं.

"कुणी काय टाकलंय इथं?"

धुळाजीनं पायातली चप्पल नीट केली.

"नाना?"

"मी म्हणजे, जरासा. तुझ्यासाठीच आणलता."

"जरासा म्हणजे?"

"पोत्यात आता दोन-चार किलो असंल."

"आणि पोतं किती होतं?"

"अर्धं हुतं," धुळाजी म्हणाला, आणि लगेच, "पण एकट्यानं न्हाई. तुझ्या बापानं पण टाकलाय. मला पंचशीलानं सांगितलं."

आबांनी घसा साफ केला. "दोन डबे. तू किलोभर टाकून गेलास, मला वाटलं इसरलास."

"आबा, मी मोजून टाकला होता."

"त्येच म्हणतोय मी. मोजून कुणी खत टाकतंय का?"

एरवी यावर घरात हसणं झालं असतं. आबांनाही बहुतेक तीच अपेक्षा होती. पण प्रवीण बहिणीकडं वळला होता.

"ताई, तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि पाणी?"

"नाही घातलं."

"हौदात नव्हतं का?"

"होतं."

धुळाजीनं संधी पाहून पुतण्याची बाजू घेतली. "मंग घालायचं न्हाई का, पोरी? आमी अडाणी मान्सं. तू मास्तरीन."

"नाना, तुम्हाला मी सांगितलं होतं."

"ताई," प्रवीणचा आवाज खाली आला, "तू मुद्दाम जाळलंस."

पंचशीलानं नाकारलं असतं तर सगळ्यांची सोय होती. विसरले म्हणायचं, पाहुण्यांसाठी पाणी राखलं म्हणायचं. आबांनी तर मान हलवायची तयारीसुद्धा केली होती. ती म्हणाली, "हो. दोन महिने रोज घातलं, रे. माझ्या स्वयंपाकघरावर उभी राहून घातलं. दोन दिवस नाही घातलं. ते मुद्दाम."

"बघा आबा. हिला जागा द्यायची?"

"तुला कशाला पाहिजे ती?" पंचशीला म्हणाली. "गवताला?"

"मला घर नको का इथं? परत आलो की कुठं राहायचं मी?"

बबिता ओट्यावर केकचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. सतरा वर्षांत सासरच्या भांडणात तिनं एक शब्द टाकला नव्हता. तिचा हिशोब असा होता, की वर्षातून तीन आठवडे गप्प बसलं की उरलेलं वर्ष शांत जातं. या खेपेला तीनाचे नऊ आठवडे झाले होते.

"प्रवीण, पुरे," ती म्हणाली. "आपण कुठं परत येणार आहोत?"

"तू थांब."

"ऑक्टोबरात आपण तिकडच्या नागरिकत्वाचे फॉर्म भरले. तूच सही केलीस. ताईंना बांधू दे खोल्या. निदान आईंजवळ कुणीतरी असेल."

धुळाजीनं आबांकडं पाहिलं, आबांनी जमिनीकडं. ठिबकची गोष्ट आता काढायची नाही, एवढं धुळाजीनं ओळखलं, आणि तो हळूच एक पाऊल सरकून पंचशीलाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. उद्या खोल्या झाल्या तर वाळू-खडीला ट्रॅक्टर लागणार होता, आणि तो त्याच्या मेव्हण्याचा होता.

केशरबाईच्या हातात अजून खुरपं होतं.

"कसला फारम?" तिनं विचारलं.

"काही नाही, माय. सोयीसाठी असतंय ते. विमानतळावर रांगेत थांबावं लागत नाही."

"मंग हिकडचा न्हाई का ऱ्हायचा तू?"

"असं नसतं, माय."

"मग कसं असतंय?"

त्यानं पंचशीलाकडं पाहिलं. लहानपणापासून आईला न सांगता येणाऱ्या गोष्टी तीच सांगत आली होती, नापास झाल्यापासून लग्न ठरवल्यापर्यंत. आताही ती पुढं आली, आईच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि म्हणाली, "येत जाईल गं तो. पाहुण्यासारखा येत जाईल."

केशरबाईनं मान डोलावली. "लोक यायची येळ झाली," ती म्हणाली, आणि लुगडं बदलायला आत गेली.

साडेदहाला पाहुणे यायला लागले. जय भीम, जय भीम म्हणत येणारा प्रत्येकजण आधी गवताकडं बघायचा, मग आबांकडं, आणि काय विचारावं हे न सुचून पाणी प्यायचा. पाण्याला तोटा नव्हता. हौद काठोकाठ होता. फोटोग्राफरनं जळक्या गवताकडं पाठ करून कॅमेरा लावला, मग जागा बदलून सगळ्यांना ओट्याच्या पायऱ्यांवर बसवलं. बुद्धवंदना झाली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग आबा उभे राहिले.

त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातून काढलं, घडी उलगडली, परत घातली.

"पुढची जागा पंचशीलाची," ते म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी बोललो होतो. मधी माझी नियत हालली. आज सकाळी पोरगी खरं बोलली, मला तेवढं जमलं नव्हतं. झालं. केक कापा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रवीणनंही वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. फक्त थकलेल्या होत्या. पंचशीलाला मात्र कुणाकडं बघावं ते कळेना. आठ वर्षं ती या क्षणाची तयारी करत आली होती आणि त्या तयारीत प्रत्येक वेळी माय समोर बसून हसत असायची. माय समोरच होती. पाहुण्यांना केकच्या बशा नेऊन देत होती.

पाहुणे पांगल्यावर, उन्हं कलती झाली तेव्हा, केशरबाई परत गवतात जाऊन बसली. पिवळ्यात मध्येच हिरवे ठिपके होते. राय नव्हतं ते, फेस्क्यूही नव्हतं. अर्धं पोतं युरिया पचवून हराळी जोरात फुटली होती, रोज सकाळी तिच्या हातून सुटलेली.

"माय, आता कशाला?" पंचशीला म्हणाली. "मेलं ते सगळं."

"पाया खांदायचा न्हाई का? ही ऱ्हायली तर उद्या फरशीतून वर यील."

प्रवीण येऊन तिच्याशेजारी उकिडवा बसला. एक काडी धरून ओढली, ती तुटली.

"वरून वढू नको," केशरबाईनं त्याचं मनगट धरून बोटं मातीत खाली नेली. "बुडाला धर. हां. आता हळू. मूळ ऱ्हायलं का परत खांदावं लागतंय."

त्यानं ओढलं. हातभर पांढरी मुळी बाहेर आली. अशा किती हातांच्या मुळ्या तिनं दुसऱ्यांच्या रानांतून काढल्या असतील, याचा अंदाज त्याच्या काट्यावर मावणारा नव्हता. अंधार होईपर्यंत दोघं बसले होते. फॉर्मचं काही निघालं नाही.

पुढच्या शुक्रवारी प्रवीण आणि बबिता गेले. हिशोब मिटला तो असा. धुळाजीचं अर्धं पोतं गेलं आणि ट्रॅक्टरचं काम मिळालं, म्हणजे तो बरोबरीत सुटला. आबांना निवडायचं नव्हतं, शेवटी निवडावंच लागलं. वर चार लोकांत आपली नियत सांगावी लागली, ते पंचाहत्तरीच्या भेटीत धरू. बबिता एक वाक्य बोलली, आणि या घरात पुढची वीस वर्षं ती त्याच वाक्यानं ओळखली जाईल. पंचशीलाला जागा मिळाली. त्यासाठी तिला सगळ्या घरासमोर एकदा 'हो' म्हणावं लागलं, आणि पाया खोदताना प्रत्येक घावाला ते आठवलं. प्रवीणची दोन महिन्यांची मेहनत गेली, जागा गेली, पण खोटं बोलण्याचं ओझंही गेलं.

केशरबाईनं यात ना मूठ टाकली होती, ना पाइप धरला होता, ना कुणी तिला जागेचं विचारलं होतं.

रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. प्रवीणनं तिचे गुडघे विचारले, आबांचा खोकला विचारला, पाया किती फूट गेला ते विचारलं, तिकडं बर्फ पडलंय म्हणाला. मग थोडा वेळ दोघंही थांबले. सतरा वर्षं त्या जागी एक वाक्य यायचं. ते आलं नाही, आणि केशरबाईनं ते मागितलं नाही.